ताडमाडबाईचं जू

प्रकरण चौदावे

"जू कापायचं असेल तर आज कापा. नाहीतर रविवारी ताडमाडबाई निघणार नाही असं मी मंडळाला कळवून टाकतो," थोरला म्हणाला आणि त्यानं हातातली वही टेबलावर आपटली.

वही आपटून या घरात आजवर कोणाचं काही वाकडं झालं नव्हतं. थोरला म्हणजे तात्या-माईंचा मोठा मुलगा. तो पोस्टात कारकून होता आणि सोंग मंडळाचा सेक्रेटरी होता. दोन्हीकडे लोक त्याच्यापुढे रांग लावून उभे राहत. घरात मात्र बोलायला त्यालाच नंबर लावावा लागे. तात्यांनी मान वर केली नाही. आक्कांनी चहात आणखी एक चमचा साखर घातली. साखर रेशनची होती, पण तात्यांच्या थोरल्या बहिणीला ते सांगणार कोण? धाकटी सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, गिरणीतून पिठाची पोती उचलून तशीच आलेली, केस पांढरे झालेले. ती थोरल्याकडे बघतच नव्हती. ती जुवाकडे बघत होती.

माई शिवणयंत्रावर अस्वलाचा फाटका पंजा शिवत होत्या. त्यांनी सुई थांबवली आणि एकदाच म्हटलं, "कापा."

हे सगळं चाललं होतं कारखान्यात. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर राजांचे अंगरखे, विदूषकांच्या टोप्या, सिंहाच्या आयाळी खुंट्यांना लटकलेल्या, आणि मधोमध दोन स्टुलांवर ते जू. बैलाच्या मानेवर असतं तसंच, म्हणून जू. त्याच्या मधल्या भोकात बांबूचा खांब बसायचा, खांबाला तात्यांनी वळवलेल्या वेताच्या बरगड्या, बरगड्यांवर माईंनी शिवलेला बावीस वार निळा झगा आणि सगळ्यांत वर कागदाच्या लगद्याचं टपोऱ्या डोळ्यांचं डोकं. उभी राहिली की तिची हनुवटी माडीच्या खिडकीला लागे. माईंच्या सासऱ्यांनी मंडळ काढलं तेव्हापासून ती होती. पूर आला, आग लागली, साथ आली, की वर्षातल्या त्या एका रविवारी गावातली शहाणीसुरती माणसं सोंगं चढवून मदत मागत फिरायची. सोंग चढवलं की मागणाऱ्याला लाज वाटत नाही आणि देणाऱ्याला नाही म्हणायची सोय राहत नाही, असं सासरे म्हणायचे. लढाई सुरू झाल्यापासून सगळी मदत जखमींना जात होती.

जुवाला दोन खांद्यांसाठी दोन खळगे होते. लाकूड थेट हाडावर बसायला हवं, मध्ये फडक्याची घडीसुद्धा चालत नसे. खाली बोटभर हललं की वर हातभर झोका बसतो, हे मंडळातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्यामुळे जू एका वेळी एकाच माणसाचं. तो माणूस पुन्हा जुवाखाली येणार नाही असं नक्की झालं, की तात्या जुन्या खळग्यांत लाकडाचं ठिगळ ठोकून बसवत आणि नव्या माणसाच्या मापाचे खळगे बाजूला कोरत. त्यालाच जू कापणं म्हणत. सासऱ्यांचं ठिगळ त्यात होतं. गुडघा कामातून गेल्यावर तात्यांचंही बसलं. आता दिसत होते ते रुंद, घासून गुळगुळीत झालेले खळगे धाकट्याचे होते. आणि आघाडीवर गेलेल्या धाकट्याचं पाच महिन्यांत पत्र नव्हतं.

"कापलंत तर ते परत आल्यावर कशाखाली उभे राहतील?" धाकटीनं विचारलं.

"अगं, तो आला की पुन्हा कोरू," थोरला म्हणाला. "मी काय जन्मभर तिला खांद्यावर घेऊन बसणार आहे? एका रविवारचा प्रश्न आहे."

"भरलेला खळगा पुन्हा कोरता येत नाही. लाकूड फुटतं. तात्या, खरं ना?"

"फुटतं," तात्या म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा हा पहिला शब्द.

"मग नवं जू करा!"

"कशाचं करू पोरी? असलं लाकूड सगळं सैन्याच्या पेट्यांना गेलं. आणि वाळायला दोन वर्षं लागतात."

थोरल्यानं हात वर केले. "म्हणजे घोडं पुन्हा तिथंच अडलं. एक तर ठेवू नाहीतर कापू. माझं म्हणणं, ठेवू. मलाही काही हौस नाही."

हौस होती. माईंना ते माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं. धाकटा दहा वर्षांचा असताना त्याचे खांदे थोरल्यापेक्षा रुंद झाले आणि थोरल्याच्या वाट्याला अस्वल आलं. पंचवीस वर्षं तो अस्वलाच्या कातड्यात घामाघूम होत, मुखवट्यावर चष्मा चढवून, आधी तात्यांच्या आणि मग आपल्या भावाच्या पायांशी डबा वाजवत चालला होता. आता त्याला ताडमाडबाई मिळत होती आणि ती अशी मिळतेय म्हणून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माईंना त्याची दया आली, पण ती त्यांनी पंजात शिवून टाकली.

"ठेवायचं काय, ठेवायचं?" आक्कांनी कप खाली ठेवला. आक्का हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईत कामाला होत्या आणि बोलायला लागल्या की वाफेवरच चालत. "वरच्या मजल्यावर अठ्ठावीस खाटा आहेत. परवा आणखी एक गाडी भरून आली. एकालाही जिना उतरता येत नाही. यंदाची मदत त्यांच्याच पायांसाठी, त्यांच्याच चाकाच्या खुर्च्यांसाठी, आणि दिसणार मात्र त्यांना काहीच नाही. तुम्ही खाली अंगणात अस्वलं नाचवणार आणि ते वर छताकडे बघत ऐकणार! खिडकीपर्यंत पोचते अशी एकच बाई आहे या गावात. तिला माळ्यावर झोपवता?"

"तेच म्हणतेय मी," माई म्हणाल्या. "कापा आणि मोकळे व्हा."

धाकटी आता पहिल्यांदा माईंकडे वळली. "माई, तुम्ही त्यांच्या आई आहात."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? परत येणाऱ्या माणसाची जागा तुम्ही ठिगळ मारून बुजवायला निघालात. मी रोज दारात बघते आणि तुम्ही त्यांचे कपडे उसवून विदूषकाला पायजमे करता!"

ते खरं होतं. कापड मिळत नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण माईंनी कोणाला सांगितलं नव्हतं. सरकारी लखोटा एखाद्या सकाळी येणार आणि आपल्याला गाफील गाठणार, या भीतीनं त्या पाच महिने झोपल्या नव्हत्या. लखोट्यानं गाठायच्या आत आपणच आपल्या हातानं सगळं आवरून ठेवावं, निरोप देऊन टाकावा, म्हणजे मग कोणी काही हिरावून घेऊ शकणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. रोज थोडं थोडं आवरत आल्या होत्या. जू तेवढं राहिलं होतं.

"तुझ्या बघण्यानं तो येणार आहे का?" त्या म्हणाल्या. बोलल्यावर त्यांना वाटलं जीभ हासडावी. पण बोलून झालं होतं.

धाकटी तरातरा पुढं आली, वाकली आणि जुवाखाली शिरली. "मीच नेते. न कापता नेते. बघूच काय होतं ते." पोत्यांची सवय झालेली पाठ तिनं ताठ केली आणि जू स्टुलांवरून उचललं गेलं. वजनाचं तिला काही नव्हतं. पण रुंदी? एक खळगा खांद्यावर टेकला तर दुसरा दंडाबाहेर. जू कलंडलं, धाकटी कलंडली, थोरला ओरडला, आणि माई खुर्ची लोटून धावल्या. पडणाऱ्या टोकाखाली त्यांनी हाताला सापडलं ते घातलं. सापडला तो त्यांचा स्वतःचा खांदा.

"हलू नका," तात्या म्हणाले.

कोणी हललं नाही. तात्या काठी टेकत आले. दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या, एकीचा उजवा खांदा डाव्या खळग्यात, दुसरीचा डावा उजव्या खळग्यात, जुवाची टोकं दोघींच्या मानांना भिडलेली. तात्यांनी बोटाच्या पेरानं लाकडावर टकटक केलं. खळग्यात नख घालून पाहिलं. नख गेलं नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूलाही पाहिलं.

"उतार उलटा पडतोय. रुतेल," ते म्हणाले. "पण बसलं. रुंदी त्याचीच भरली."

आक्कांचं तोंड उघडं राहिलं, आणि ते उघडं असून त्यातून शब्द निघाला नाही, असं घरात पहिल्यांदाच घडत होतं.

दोघींचं भांडण मिटलं नव्हतं. शनिवारी दिवसभर दोघी मागच्या अंगणात, एकमेकींच्या कमरेला हात घालून, तीन पायांच्या शर्यतीतल्या पोरांसारख्या चालायचा सराव करत होत्या, आणि "बाहेरचा पाय", "आतला पाय" याखेरीज एक शब्द बोलत नव्हत्या. थोरला पायऱ्यांवर बसून चुका काढत होता. आपल्याला ताडमाडबाई मिळाली नाही याचा त्याला इतका आनंद झाला होता, की लपवता लपवता त्याची पुरेवाट झाली.

रविवारी दुपारी तात्यांनी चौकात लाकडी घोडीवरून ताडमाडबाईला सोडलं आणि तिचा सगळा भार दोघींच्या खांद्यांवर आला.

माईंनी चाळीस वर्षं त्या झग्याला टाके घातले होते, पण उभ्या ताडमाडबाईच्या आत त्या कधी गेल्या नव्हत्या. आत निळा उजेड होता. कापडातून गाळून आलेलं ऊन वेतांच्या बरगड्यांवरून वर वर चढत होतं आणि फार उंचावर, गळ्यापाशी, एक काळोखं भोक होतं. खांब कुरकुरत होता. वारा कापडात शिरला की सगळी बाई श्वास घेतल्यासारखी फुगायची. आपणच कातरीनं बेतलेलं कापड हे, आपणच शिवलेल्या चुण्या, असं माई स्वतःला बजावत होत्या. तरी त्यांच्या अंगावर काटा आला. समोर चुणीत हातभर जाळी होती, तिच्यातून फक्त रस्ता दिसे. रस्ता आणि माणसांचे पाय. ताडमाडबाई जवळ आली की ते पाय थांबत. गडबड करणारे, ढकलाढकली करणारे, चपला बूट घातलेले, अनवाणी, सगळे पाय एका जागी स्थिर होत, आणि टोप्या काढून हातात घेतल्याचं दिसे. रुंद खांद्यांचा गडी लढाईवर गेलाय हे गावाला माहीत होतं. मग आत कोण? कुणी विचारलं नाही. सोंगाच्या आत कोण आहे हे विचारायचं नाही, हा मंडळाचा नियम गाव मंडळापेक्षा कडक पाळत असे.

आणखी एक नियम होता आणि तो आतल्यासाठी होता. आतला बोलत नाही. माडीवरची माणसं ताडमाडबाईच्या झोळीत काही टाकत तेव्हा तिच्या कानाशी काही ना काही बोलत. नवस नाही, गाऱ्हाणं नाही, नुसतंच सांगायचं. तिचं पोकळ डोकं आणि पोकळ गळा ते सगळं खाली उतरवत असे. आतल्यानं ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही आणि बाहेर आल्यावर कोणाला सांगायचं नाही. माईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी तात्यांना खोदून खोदून विचारलं होतं, काय बोलतात हो लोक? तात्या नुसतं हसले होते. पुढं ते हसणंही त्यांनी सोडलं.

पहिल्या खिडकीशी दोघी थांबल्या. माईंनी दोरी ओढली, ताडमाडबाईचा हात झोळीसकट वर गेला. आणि गळ्याच्या भोकातून, विहिरीत कुणी वाकून बोलावं तसा, एका बाईचा आवाज खाली आला, "मीच त्याला जा म्हणाले. तो जायला तयार नव्हता. मी लाज काढली त्याची." झोळीत काहीतरी पडलं. खिडकी बंद झाली.

माईंचा पाय उचलेना. धाकटीनं कमरेतला हात जरा घट्ट केला. त्या चालू लागल्या.

पुढच्या माडीवर एका म्हाताऱ्यानं आपल्या मेलेल्या भावाची माफी मागितली. त्यापुढं एका मुलीनं सांगितलं की तिला कुणाचं तरी पत्र येतं आणि ती उत्तर देत नाही, कारण त्याचा चेहराच तिला आठवत नाही. औषधाच्या दुकानावरचा माणूस काहीच बोलला नाही, नुसता रडला, आणि ते रडणंही तसंच खाली आलं, अगदी कानाशी. सगळी गल्ली अशी वरून खाली उतरत होती. माईंना आपल्या नवऱ्याचा चेहरा आठवला. सत्तावीस वर्षं हा माणूस हे सगळं खांद्यावर घेऊन घरी आला, हातपाय धुतले, जेवला आणि झोपला. त्याला घुम्या म्हणून मी किती टोचून बोलले! मग त्यांना धाकटा आठवला. पोरगा हसत बाहेर यायचा, मान चोळत पाणी मागायचा. गावातल्या प्रत्येक माडीचं दुःख त्याला ठाऊक होतं आणि त्यानं एकाचंही नाव कधी घेतलं नाही. एवढा मोठा माणूस माझ्या घरात वाढला आणि मला पत्ता लागला नाही, असं त्यांना वाटलं, आणि आत त्या निळ्या उजेडात त्यांचे डोळे भरून आले.

हॉस्पिटलच्या अंगणात सगळी सोंगं आधीच पोचली होती. ताशाच्या जागी डबे वाजत होते, विदूषक कोलांट्या मारत होते. ताडमाडबाई फाटकातून आत आली आणि डबे एकेक करून थांबले. माईंच्या जाळीतून भिंतीच्या दगडांची खालची रांग जवळ जवळ येताना दिसत होती. "बस," बाहेरून अस्वल घोगऱ्या आवाजात म्हणालं, "समोर पहिली खिडकी."

वर खाटा सरकवल्याचा आवाज आला, लोखंड फरशीवर घासलं. आणि एक तरुण आवाज म्हणाला, "बाई, तुम्ही खऱ्याच आहात?"

आजूबाजूला कोणी हसलं नाही.

"आम्हाला वाटायचं तो थापा मारतो," आवाज म्हणाला. "आमच्या तुकडीत एक होता. म्हणायचा, आमच्या गावात मी एका बाईला खांद्यावर घेऊन फिरतो, तिचं तोंड माडीच्या खिडकीत येतं. आम्ही त्याला वेड्यात काढायचो. रात्री पहाऱ्यावर असलो की म्हणायचो, सांग रे तुझ्या बाईचं. निळा झगा म्हणाला होता. निळाच आहे."

माईंच्या कमरेवरची बोटं एकदम रुतली. जू रुतत होतं त्यापेक्षा खोल.

"मला त्यानं तसंच नेलं, बाई. पायांवर भिंत पडली होती माझ्या. त्यानं मला खांद्यावर बसवलं आणि म्हणाला, झुलू नकोस, खाली बोटभर हललं की वर हातभर झोका बसतो. मी त्याचे केस घट्ट धरले होते. वरून मला सगळं दिसत होतं, आग, धूर, पळणारी माणसं. आणि तो चालत होता. पळाला नाही. एक एक पाऊल मोजून टाकत होता. मला गाडीत ठेवलं आणि परत गेला. आमच्या आचाऱ्याला घेऊन आला. परत गेला. एका नव्या पोराला आणलं, त्याचं नावही आम्हाला धड माहीत नव्हतं."

आवाज थांबला.

खांब कुरकुरला. वर ताडमाडबाईचं डोकं अगदी किंचित हललं असणार, कारण अंगणात कुणीतरी श्वास आत ओढला. माई वाट पाहत होत्या. आयुष्यभर पाळलेला, सासऱ्यांनी घातलेला, नवऱ्यानं आणि मुलानं मोडला नाही असा नियम त्यांच्या घशाशी येऊन थांबला होता. शेजारी धाकटीचा श्वास बंद झाला होता. या पोरीला हे असं अर्धवट घेऊन आणखी एक पाऊल टाकता येणार नाही, हे माईंना कळलं. त्यांनी मान वर केली.

"मग?" त्या म्हणाल्या.

तो शब्द निळ्या झग्यातून, वेतांमधून, गळ्यातून वर गेला आणि ताडमाडबाईच्या तोंडातून बाहेर पडला तेव्हा तो माईंचा राहिला नव्हता. तो फार मोठा, फार जुना आवाज होता. सगळं अंगण गप्प झालं. माईंना स्वतःलाच त्याची भीती वाटली.

त्या पोराला मात्र काही वाटलं नाही. ती बोलणारच, हे जणू त्यानं गृहीत धरलं होतं.

"मग चौथ्यांदा गेला, बाई. आम्ही गाडीतून हाका मारत होतो, पुरे रे, पुरे. त्यानं हात केला. आणि उरलेली भिंत खाली आली. मी पाहिलं. मी एकट्यानंच पाहिलं, बाकीच्यांना शुद्ध नव्हती. पुढं मलाही नव्हती. साहेब लिहून घ्यायला आले तेव्हा मला काही सांगता आलं नाही. त्याच्या घरी कोणी असेल तर तुम्ही सांगाल का?"

ताडमाडबाईचा झगा एकदा फुगला आणि ओसरला.

"सांगते, बाळा," मग ती म्हणाली. "तू आता झोप."

वर कुणीतरी हुंदका दिला, तो पोरगा नव्हता, दुसराच कुणी. आणि मग पलीकडच्या खिडकीतून हाक आली, "बाई, इकडे याल का?" तिच्यापलीकडून आणखी एक. खाटा सरकू लागल्या. खिडक्या नऊ होत्या.

आपण सगळं आवरून ठेवलं होतं, निरोप देऊन झाला होता, असं माई पाच महिने समजत होत्या. आता कळलं, काही म्हणता काही दिलं नव्हतं. तो अजून पुरता, जसाच्या तसा, छातीत होता, आणि आत्ता, या क्षणी, तो गेला. "मला नाही जमणार गं," त्या कुजबुजल्या.

"जमेल," धाकटी म्हणाली. तिचा आवाज ओला होता आणि त्यात काडीचाही कंप नव्हता. "माझ्यावर टाका भार. ते चार वेळा गेले, माई. आपल्याला आठच खिडक्या राहिल्यात."

माईंनी त्या पोरीकडे मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. मध्ये जू होतं, चेहरा दिसला नाही. पण खांद्यावरचं ओझं खरंच हलकं झालं. दोन्ही बाजूंचं वजन आपल्या बाजूला ओढून घेऊन ती पुढं निघाली होती. कुठून आणली हिनं ही ताकद? माई तिच्याबरोबर ओढल्यासारख्या चालल्या, आणि आठही खिडक्यांशी दोघी थांबल्या, आणि प्रत्येक खिडकीत जे सांगितलं गेलं ते दोघींनी ऐकून घेतलं.

ताडमाडबाईला घोडीवर चढवलं तेव्हा ऊन उतरलं होतं. दोघी झग्याखालून बाहेर आल्या तशा सगळे धावले. विदूषक, राजे, सिंह, मुखवट्यांची मुंडकी काखेत मारलेले. अस्वल सगळ्यांच्या पुढं.

"आई, तू बोललीस!" थोरला म्हणाला. चष्मा मुखवट्यावरून घसरला होता. "नियम मोडलास! पण आई, तुला माहीत नाही खालून काय वाटलं ते. लोक हात जोडून उभे होते. माझेसुद्धा—" त्यानं आईचा चेहरा पाहिला आणि मुखवटा उतरवला.

तात्या काही विचारत नव्हते. त्यांना विचारायची गरज नव्हती. ज्यानं सत्तावीस वर्षं आत ऐकलं, त्याला बाहेर आलेल्या माणसाच्या तोंडावरून कळत होतं. त्यांनी बायकोला हाताला धरून पायरीवर बसवलं आणि स्वतः काठी टाकून शेजारी बसले. आक्का मागून आल्या आणि त्यांनी माईंच्या खांद्यावरचं कापड बाजूला केलं. जुवानं कातडी सोलली होती.

धाकटी उभीच होती.

"तात्या," ती म्हणाली, "उद्या जू कापायला घ्या."

माईंनी झटकन वर पाहिलं. "नको."

"माई."

"नको गं. राहू दे. त्याचं राहू दे ते. आपण दोघी नेऊ दर वर्षी, मी नेईन, मला होतं—" त्यांना पुढं बोलवेना. परवापर्यंत कापा कापा म्हणणारी बाई सगळ्यांदेखत लहान पोरीसारखी रडू लागली. थोरला अस्वलाच्या पंजानंच डोळे पुसत होता.

धाकटी त्यांच्यापुढं खाली बसली. पीठ, घाम आणि धुळीनं तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. "त्यांनी तिघांना आणलं, माई. त्यातला एक वर आहे. पुढच्या वर्षी तो खिडकीशी वाट बघणार. तुमचा खांदा बघितलात? तुम्हाला पुढच्या वर्षी जमणार नाही आणि मला दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. भाऊजी, रागावू नका."

थोरल्यानं जोरजोरानं मान हलवली. नाही रागावत.

तात्यांनी खिशातून पेन्सिलचा तुकडा काढला, तो कानावर ठेवला आणि बायकोकडे हात केला. माईंच्या गळ्यात टेप होता. शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात तो असायचाच, झोपतानासुद्धा. त्यांनी तो काढला, पण दिला नाही. नाक ओढलं, पदरानं डोळे कोरडे केले आणि धाकटीला म्हणाल्या, "पाठ कर इकडे."

धाकटीनं पाठ केली. माईंनी टेपचं एक टोक तिच्या एका खांद्याच्या हाडावर अंगठ्यानं दाबून धरलं आणि दुसरं सावकाश पलीकडे नेलं. एवढा अरुंद खांदा, आणि आठ खिडक्या यानंच ओढल्या. त्यांचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला.

"किती?" तात्यांनी विचारलं.

माई टेपकडे बघत होत्या. आकडे दिसत होते, पण तोंडातून फुटत नव्हते. तात्या पेन्सिल धरून थांबले. थोरला थांबला, आक्का थांबल्या.

मग धाकटीनंच मान वळवून खांद्यावरून टेप वाचला.

"साडेपंधरा इंच," ती म्हणाली. "लिहा, तात्या."